मागच्या चाकातला खिळा

१

कृपादान सरांची गाडी कधी आजारी पडायची नाही, सर पडायचे. गाडीतून 'खट' असा आवाज आला की इकडं सरांच्या छातीत धस्स व्हायचं. बरं, गाडी काही आजची नव्हे. शाळेतून रिटायर झाल्यावर श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, चंदेरी रंगाची, डॉक्टरांनी भरपूर हिंडवलेली. पण सरांनी तिला असं जपलं, की ऊन लागलं तर कव्हर, धूळ बसली तर फडकं, आणि पाऊस आला तर स्वतः भिजत तिच्यावर ताडपत्री. त्यांच्या पत्नी एस्तेरबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्याही आता घरीच. अख्खी मळावस्ती त्यांना अजून सिस्टर म्हणते. त्या म्हणायच्या, "एवढा संसार केला, पण मला कधी विचारलंत का, आज तुझा आवाज वेगळा का येतोय म्हणून?"

तर त्या रविवारी चर्चहून घरी येताना, पुणतांब्याच्या अलीकडं मळावस्तीच्या फाट्यावर गाडी डाव्या अंगाला कलली. सर उतरून बघतात तर मागचं चाक पार जमिनीला टेकलेलं.

"गेली," सर म्हणाले. अशा आवाजात, की जाणाऱ्या-येणाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढावी.

"हवा गेली," एस्तेरबाई म्हणाल्या. "गाडी आहे अजून."

नवरात्रापासून ह्या फाट्यावर पंक्चरची साथच आली होती. दुधाचा टेम्पो, शाळेची व्हॅन, मोटरसायकली, कुणी म्हणून सुटलं नव्हतं. सरांची तर ही दुसरी पाळी. आणि साथ जिथं, दवाखानाही नेमका तिथंच. फाट्याला लागून फैयाजची पंक्चरची टपरी होती. त्याच्या वडिलांनी, कादरभाईंनी, सायकलींच्या जमान्यात घातलेली. फैयाज पोरगा हसतमुख, हाताला हलका. त्यानं जॅक लावला, चाक खोललं आणि पकडीनं टायरमधला खिळा उपसून सरांच्या हातावर ठेवला. इवलासा, गंजका, चपट्या डोक्याचा.

तेवढ्यात काकासाहेब आले. मळावस्तीचे पुढारी. दसऱ्याला त्यांनी नवी कोरी मोठी गाडी घेतली होती आणि परवाच ती फाट्याच्या ह्याच वळणावर पंक्चर होऊन बसली होती. तो राग अजून गार झालेला नव्हता.

"सर, तुमाला बी गावला का परसाद?" काकासाहेब म्हणाले. "घटाच्या आदल्या दिशी मी सोता उभं ऱ्हाऊन ह्या रस्त्याचं खड्डं बुजवलं. कशापायी? आपल्या गाड्यांची बुडं घासू नयेत म्हनून. आन् ह्यो गडी त्याच रस्त्यात खिळं पेरतोय."

"काकासाहेब, मी न्हाई पेरलं," फैयाज म्हणाला. त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"न्हाई? मग बाकड्याखाली काय ठेवलंयस?"

फैयाज उत्तर द्यायच्या आत काकासाहेब टपरीत शिरले, वाकले आणि बाकड्याखालून एक पत्र्याचा डबा ओढून त्यांनी झाकण उघडलं. डबा खिळ्यांनी भरलेला होता. सगळे तसलेच. इवलेसे, गंजके, चपट्या डोक्याचे.

२

"हे मी लोकांच्या टायरातनं काढलेलं हायेत," फैयाज म्हणाला. "रस्त्याव टाकलं तर परत कुनाच्या तरी चाकात जायचं, म्हनून साठवतो."

"मग लपवून कशाला ठेवायचं?"

"लोक असं बोलतील म्हनून."

बोलणं खरं वाटावं असं होतं आणि खोटं ठरवावं असंही. जमलेल्या माणसांनी दुसरा अर्थ उचलला. लोकांना पंक्चरवाल्याचा संशय यायला फार काही लागत नाही, त्याचं दुकान असलं तरी पुरतं. काकासाहेबांनी तिथंच जाहीर केलं, "उद्या सांजच्याला मारुतीच्या पाराव बैठक. टपरी हितं ठेवायची का उठवायची, समद्यांनी मिळून ठरवा."

टपरी उठली की फैयाजचं घरच बसलं. घरात म्हातारी आई, मुबारकबी, आणि कमावता हा एकटा. त्यातून 'खिळे टाकणारा' असं नाव एकदा पडलं की दुसऱ्या कुठल्या फाट्यावर त्याला कोण उभं करणार?

घरी आल्यावर सर कितीतरी वेळ चाकाशीच उकिडवे बसून होते. "वाईट वाटतं गं एस्तेर," ते म्हणाले. "कादरभाईंचा पोरगा. पण डबा तर डोळ्यांनी पाहिला."

"डबा पाहिलात. खिळा पाहिलात का?"

एस्तेरबाईंनी खिळा साबणानं धुऊन बशीत ठेवला होता आणि बशी खिडकीच्या उजेडात धरली होती. सरांनी चष्मा चढवला. खिळ्याला सगळीकडून गंज, पण डोकं मात्र एका अंगानं झिजून सपाट झालेलं, आणि टोक किंचित वळलेलं.

"हा दुकानातून आणून टाकलेला नाही," त्या म्हणाल्या. "ह्यानं आयुष्यात पुष्कळ मार खाल्लाय." मग त्यांनी मोबाईल घेतला आणि ज्याला ज्याला पंक्चरची बाधा झाली होती त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, चाक कुठलं? पेशंटला आधी कुठं दुखतं ते विचारायचं, ही त्यांची जुनी सवय. दुधाच्या टेम्पोचं मागचं. व्हॅनचं मागचं. काकासाहेबांच्या घरून सांगितलं, मागचं. मोटरसायकलवाल्यांचंसुद्धा मागचंच.

"आपलंही दोन्ही वेळेला मागचंच," सर म्हणाले.

"अहो, तुम्हाला गाडीचा प्रत्येक आवाज पाठ आहे. रस्त्यातला बारीक खडा गाडीला कुठं वाजतो?"

"मागं. पुढचं चाक उडवतं त्याला, आणि तो मागं येऊन टणकन आपटतो. तो आवाज आला की माझ्या काळजाचं..." सर बोलता बोलता थांबले. त्यांनी बशीतल्या खिळ्याकडं पाहिलं. "म्हणजे खिळे आडवे पडलेले होते. आडवा खिळा पुढच्या चाकाला काही करत नाही. पण पुढचं चाक त्याला उडवतं, तो उभा राहतो, आणि मागून येणारं चाक नेमकं त्याच्यावर."

"आणि कुणी मुद्दाम पेरले असते तर?"

"टोक वर करून रोवले असते. मग आधी पुढचंच चाक गेलं असतं." सर हसले. "म्हणजे पेरणाऱ्याला पेरता येत नाही."

"किंवा पेरणारा कुणी नाहीच," एस्तेरबाई म्हणाल्या. "पण मग इतके खिळे आले कुठून?"

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं गाडी काढून निघाले. संशय घेण्यासारखी अजून दोन माणसं फाट्यावर होतीच.

पहिला गोरक्षनाथ. त्याचं टायरचं नवं दुकान फाट्यापासून आत, लोकांच्या नजरेआड. फैयाजची जागा आपल्याला मिळावी असं तो उघड म्हणायचा. एस्तेरबाईंनी आडवळण घेतलंच नाही. "गोरक्षनाथ, खिळे तू टाकतोस का रे?"

गोरक्षनाथ चहा पीत होता, त्याला ठसका लागला. "सिस्टर, जागा पायजे हे खरं. पन मीच त्या वळनाव दोनदा बसलोय. आन् पंक्चर काढायला फैयाजकडंच जावं लागलं, माझ्या पोऱ्याला काय जमत न्हाई. टायरवाला पंक्चरवाल्याच्या दारात. लई हसले लोक."

"चाक कुठलं?"

"मागचं. का?"

दुसऱ्या बायडाबाई. त्यांचं घर ऐन वळणावर, अंगणात शेळ्या, आणि गाड्यांवर त्यांचा पहिल्यापासून दात. श्रावणात एका हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरला त्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, की एक दिवस तुमच्या वाटेवर खिळेच पेरीन. ही गोष्ट साऱ्या वस्तीला ठाऊक होती.

"म्हनले हुते," बायडाबाई म्हणाल्या. "अजून बी म्हनते."

"पण पेरले का मावशी?" सरांनी भीत भीत विचारलं.

"खिळं इकत आनू आन् तुमच्या गाड्यास्नी घालू? माझ्यापाशी दगुड फुकट हायेत की." मग त्यांना खरं दुःख आठवलं. "सिस्टर, माझ्या शेळ्यांचं बघा काय तरी. जन्मात कदी ह्या रस्त्याकडं तोंड करत नव्हत्या. आन् नवरात्रापासनं सोडल्या की थेट त्या वळनाव. तिथं जनू त्यांच्या सोयऱ्याचं घर हाय. परवा एक तरनी पाट गाडीखाली जाता जाता वाचली."

एस्तेरबाई एकदम उठल्या आणि वळणावर गेल्या. तिथं मोठे खड्डे मुरूम टाकून बुजवलेले होते. मुरमाच्या कडेला हिरवे, धारदार पात्यांचे कोंब उगवलेले, शेळ्यांनी खुडून खुडून वीतभरही होऊ न दिलेले. सर रस्त्यात हात पसरून ट्रॅफिक पोलिसासारखे उभे राहिले. एस्तेरबाईंनी पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि एका कोंबाच्या मुळाशी उकरायला सुरुवात केली.

"किल्लीनं नको," सर कळवळले.

कोंब मुळासकट वर आला. खाली अंगठ्याएवढं जाड पेर होतं. आणि त्याच मातीतून, त्या पेराशेजारून, एक गंजका खिळा निघाला.

तो खिळा ओळखायला बायडाबाईंना हातसुद्धा लावावा लागला नाही. "ह्यो बैलाच्या पत्रीचा. खुराला लोखंडी पत्री ठोकत्यात बगा, तिचा खिळा. बैल चालून चालून डोकं झिजतं, मग गळून पडतो."

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "उसाच्या बैलगाड्या. फॅक्टरीला ऊस घेऊन जाणाऱ्या गाड्यांचे बैल."

"कुठल्या गाड्या, सर? दिवाळी आठ दिवसांव आली, पन फॅक्टरी सुरू व्हायची हाय अजून. गेल्या हंगामापासनं ह्या रस्त्याला बैलगाडी दिसली न्हाई. आन् गेल्या उन्हाळ्यात तर खिळं नव्हतंच."

सरांच्या डोक्यातला उजेड विझला. बैल अजून यायचे होते, आणि त्यांचे खिळे आधीच येऊन पडले होते.

४

"तुला कळलंय," परत येताना सर म्हणाले. बायकोच्या चेहऱ्यावरून त्यांना तेवढं नक्की समजायचं.

"कळलंय. पण दोन प्रश्न उरलेत, ते पारावरच विचारीन. आधी विचारले तर माणूस सावध होईल आणि उत्तर बदलेल."

"कोण माणूस?"

तेवढ्यात समोर टपरी आली, आणि टपरीपुढं टेम्पो उभा होता. हवेचा कॉम्प्रेसर टेम्पोत चढवून झाला होता. जॅक, पान्हे, टबसुद्धा वर गेला होता. पुढच्या सीटवर मुबारकबी मांडीवर गाठोडं घेऊन बसल्या होत्या.

"राजूरला जातो, मामाकडं," फैयाज म्हणाला. तो सरांकडं बघत नव्हता. "लोकांनी उचलून फेकन्यापरीस आपन उचललेलं बरं."

"अरे, बैठक व्हायचीय अजून."

"बैठकीत काय व्हनार ते तुमाला बी म्हाईत हाय, सर."

मुबारकबींनी गाठोडं घट्ट धरलं. "सिस्टर, मी त्याला इचारलं बी न्हाई. तरी त्येनं आपनहून माझ्या डोस्क्याव हात ठेवून शपत घेतली. आईपुढं पोराला शपत घ्यायची येळ यावी का?" काल डबा बघून आपणही क्षणभर मान हलवली होती, हे सरांना आठवत होतं.

"संध्याकाळपर्यंत थांबा," एस्तेरबाई म्हणाल्या.

पण टेम्पोवाल्याला घाई. राजूर लांब, घाटाचा रस्ता, अंधार पडायच्या आत पोचायचं. त्यानं सेल मारला, टेम्पो सुरू झाला. तेव्हा कृपादान सरांनी जे केलं ते मळावस्तीत पुढं कित्येक दिवस लोक एकमेकांना सांगत होते. सर आपल्या गाडीत बसले, गाडी पुढं घेतली, आणि टेम्पोच्या नाकासमोर, भर उन्हात, कव्हर न घालता, आडवी लावली. मग उतरले आणि किल्ली खिशात टाकली.

"आता कसा हलवतो बघू," सर म्हणाले.

"सर, घासंल गाडीला," टेम्पोवाला म्हणाला.

"घासू दे."

एस्तेरबाईंनी नवऱ्याकडं बघितलं आणि त्यांना आपल्या नवऱ्याचा मनापासून अभिमान वाटला. आता आपलं चुकून चालायचं नाही, हेही त्यांना त्याच वेळी कळलं.

५

संध्याकाळी पार भरला. काकासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मधोमध बसले होते आणि खिळ्यांचा डबा त्यांनी पुढ्यात ठेवला होता. फैयाज लांब, विजेच्या खांबाला टेकून उभा होता.

एस्तेरबाई उभ्या राहिल्या. आधी त्यांनी चाकांचं सांगितलं. झाडून सगळी पंक्चरं मागच्या चाकांची, म्हणजे खिळे रोवलेले नव्हते, आडवे पडलेले होते. लोकांनी एकमेकांकडं बघितलं, जो तो आपलं चाक आठवायला लागला. मग त्यांनी झिजलेला खिळा हातोहात फिरवला. "हा बैलाच्या पत्रीचा आहे. बैल नसलेल्या पंक्चरवाल्याकडं डबाभर झिजलेले पत्रीचे खिळे कुठून येणार? ते त्याला तुमच्याच टायरात सापडले."

"पन सिस्टर," काकासाहेब म्हणाले, "बैल हायेत कुठं? हंगाम सुरू व्हायचाय."

"तेच. म्हणून तुम्हाला दोन प्रश्न विचारते. ह्या रस्त्याचे खड्डे कुणी बुजवले?"

"म्हंजे काय, मीच की." काकासाहेबांनी चौफेर नजर टाकली. "दुसरं कोन बुजवतंय? घटाच्या आदल्या दिशी. हायेत हितं समदे साक्षीला."

"आणि पंक्चरं नवरात्रापासून. बायडाबाईंच्या शेळ्या रस्त्यात यायला लागल्या त्याही नवरात्रापासून." एस्तेरबाईंनी रुमालातून तो उकरलेला कोंब काढून पारावर ठेवला, पेरासकट. "शेळ्या ह्याच्यासाठी येत होत्या. हे काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको."

कुणीतरी कोंब उचलला, बोटांत फिरवला आणि म्हणाला, "ऊस हाय."

"ऊस. भर रस्त्यात ऊस कुणी लावला? कुणीच नाही. तो मुरमातून आला. आता दुसरा प्रश्न. काकासाहेब, मुरूम कुठला आणलात?"

"फॅक्टरीच्या गाडीतळावरला," काकासाहेब अजून तोऱ्यातच होते. "तळ खरवडून कडंला ह्यो मोठा ढीग लोटलेला हुता. इचारलं, म्हनले न्या. ट्रॉली भरली आन् आनून..."

काकासाहेबांचं वाक्य तिथंच थांबलं.

गाडीतळ म्हणजे काय हे पारावरच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. ऊसगाड्या खाली व्हायची वाट बघत हंगामभर तिथंच मुक्काम करतात. बैलांपुढं उसाच्या शेंड्यांचं वाडं तिथंच पडतं, त्यातली कांडी तिथंच तुडवली जातात. आणि बैलांच्या जुन्या पत्र्या काढून नव्या ठोकतात त्याही तिथंच. त्या तळाची खरवड म्हणजे निम्मी माती आणि निम्मा हंगाम. काकासाहेबांनी तो ट्रॉलीत भरून आणला होता आणि वस्तीच्या दारात पसरला होता. त्यानंतरच्या पहिल्याच पावसात कांडी रुजली, वरची माती वाहून गेली, आणि खालून खिळे वर आले.

आता काकासाहेब काय म्हणतात इकडं सगळ्यांचं लक्ष. त्यांना म्हणता आलं असतं, की मुरूम टाकला तो चांगल्या मनानंच. आणि ते खरंही होतं. पण त्यांनी डब्यातला एक खिळा उचलला, त्याचं झिजलेलं डोकं अंगठ्यानं चाचपलं आणि खिळा परत डब्यात टाकला.

"म्हंजे खिळं मीच पेरलं," ते म्हणाले.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. बायडाबाईंनी वळून त्याला गप्प केलं.

"उद्या तो मुरूम मी काढतो, चाळतो, आन् नवा टाकतो," काकासाहेब म्हणाले. मग उठले, चपला पायात सरकवल्या आणि फाट्याकडं चालायला लागले. त्यांच्यामागं सगळा पार निघाला, सगळ्यांत मागं फैयाज.

६

टेम्पो तिथंच होता, सरांची गाडी त्याच्यापुढं आडवी. सरांनी धावत जाऊन आधी तिला चारी बाजूंनी बघून घेतलं, मग बाजूला घेतली.

काकासाहेब फैयाजपुढं जाऊन उभे राहिले. "फैयाज, चुकलं माझं. चारचौघांत तुला चोर ठरवलं, म्हनून चारचौघांत सांगतो. तू हितनं जायचं न्हाई."

फैयाजनं बाहीनं डोळे पुसले आणि टेम्पोत चढून कॉम्प्रेसरला हात घातला. ते धूड एकट्याच्यानं हलणारं नव्हतं. दोन-चार जण पुढं आले, त्यांना बाजूला सारून काकासाहेबांनी दुसरी बाजू स्वतः धरली, छातीशी घेतली आणि धापा टाकत खाली उतरवली. पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत काळं वंगण माखलं.

"आरं बाबा, काय केलंस," मुबारकबी सीटवरून म्हणाल्या. "ह्यो डाग निघत न्हाई."

"ऱ्हाऊ द्या मावशी," काकासाहेब म्हणाले. "न्हाई निघाला तरच बरं. रोज दिसंल तरी."

दोघांनी मिळून कॉम्प्रेसर त्याच्या जागेवर बसवला. फैयाजनं वायर जोडली, बटण दाबलं आणि मशीन धडधडायला लागलं. मुबारकबींनी जरा वेळ ते ऐकलं. मग गाठोडं काखेत मारून त्या टेम्पोतून उतरल्या आणि स्वयंपाकाला उशीर होतोय म्हणत घराकडं चालायला लागल्या.